वस्तऱ्याचा घाट आणि वस्तऱ्याची धार



आज आपण केस कापावयास गेलों असतां नाभिक बंधूंच्या हातीं जो वस्तरा दिसतो, त्यांत बाजारांतून आणलेलें अर्धें पातें बसविलेलें असतें. एका गिऱ्हाइकाचें काम झालें कीं तें पातें काढून टाकावयाचें व दुसऱ्यासाठीं नवें बसवावयाचें, अशी आरोग्याच्या दृष्टीनें इष्ट रीत आतां पडली आहे. आपल्या पणजोबांच्या काळीं मात्र असें नव्हतें. त्या वेळीं न्हाव्याच्या धोकटींत वाटी, कातर, नराणी, निसणा व चामोटी यांच्या जोडीला एक-दोन अखंड पोलादी वस्तरे असत. ते टाकून द्यावयाचे नसत. निसण्यावर घासून आणि चामोटीवर परजून तेच वर्षानुवर्षें वापरावयाचे असत. कांहीं घरांत असा एखादा वस्तरा जुन्या पेटींत अजूनहि जपून ठेवलेला आढळतो.

अशा जुन्या, हातानें घडविलेल्या वस्तऱ्यांपैकीं दोन वस्तरे शेजारीं ठेवून पाहावे. एकाचें पातें जाड, जड व पाचरीसारखें असतें. दुसऱ्याच्या दोन्ही बाजू खोलगट असून तें मधोमध इतकें पातळ असतें कीं नखाची टिचकी मारतांच त्यांतून बारीक नाद उमटतो. या दोहोंपैकीं अधिक तीक्ष्ण कोणता, असें विचारल्यास दहांपैकीं नऊ जण पातळ वस्तऱ्याकडे बोट दाखवितील. हें उत्तर चूक आहे. तें कां चूक आहे हें नीट समजून घेणें, हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं थोडी भूमिति, थोडें पदार्थविज्ञान आणि थोडा इतिहास यांची मदत घ्यावी लागेल. यांपैकीं इतिहासाचा भाग सुखाचा नाहीं. परंतु तो वगळल्यास विषय अपुरा राहील.

वस्तऱ्याचीं अंगें

वस्तऱ्याच्या पात्याची जी जाड बाजू तिला आपण पाठ म्हणूं, आणि जी कापणारी बाजू तिला धार म्हणूं. पाठ व धार यांच्यामध्यें दोन्ही अंगांना जे पृष्ठभाग असतात, ते पात्याचे गाल होत. पाठीपासून धारेपर्यंतचें अंतर ही पात्याची रुंदी. ही रुंदी अष्टमांश इंचांत मोजण्याची पद्धति आहे, आणि पांच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारें १६ मिलिमीटर, रुंदीचा वस्तरा सर्वसाधारण समजतात.

आतां पात्याला आडवें छेदून त्याचा छेद कागदावर काढला अशी कल्पना करा. गाल अगदीं सपाट असतील तर हा छेद एका उंच व अरुंद समद्विभुज त्रिकोणासारखा दिसेल. हा पाचरी घाट होय. तेच गाल चाकावर घासून आंत वळविले असतील, तर त्रिकोणाच्या दोन्ही लांब बाजू आंतल्या अंगाला वांकलेल्या दिसतील. हा खोलगट घाट होय. त्यांतहि पाव खोल, अर्धा खोल आणि पूर्ण खोल अशा पायऱ्या मानतात. पूर्ण खोल घाटाच्या पात्यांत पुष्कळदां धारेच्या थोडें वर एक अस्पष्ट उंचवटा ठेवलेला असतो. त्यामुळें पातें पातळ असूनहि फार लवत नाहीं.

इंग्लंडांतील शेफील्ड येथें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं घडलेले वस्तरे बहुधा जड व पाचरीच्या जवळचे असत. पूर्ण खोल घाटाला त्याच शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील सोलिंगेन येथील कारागिरांनीं पूर्णत्वास नेलें. या गांवाचें नांव मालावर कोणीं घालावें, याबद्दल जर्मनींत १९३८ सालीं खास कायदा करण्यांत आला, यावरून त्या नांवाची किंमत ध्यानांत येईल. जपानांतील वस्तरा या दोहोंहून निराळा असतो. त्याचे दोन गाल एकमेकांसारखे नसतात, आणि कठीण पोलादाचा थर मऊ लोखंडाला जोडून तो घडविलेला असतो.

भूमितीचा पुरावा

निसण्यावर वस्तरा लावण्याची रीत अशी कीं पातें सपाट आडवें ठेवावयाचें, म्हणजे त्याची पाठ व धार हीं दोन्ही एकाच वेळीं दगडाला टेकतात. नंतर पातें धारेच्या दिशेनें पुढें न्यावयाचें, पाठीवर उलटवावयाचें आणि दुसऱ्या बाजूनें परत आणावयाचें. म्हणजे वस्तऱ्याची पाठ केवळ बळकटीसाठीं नसून धारेचा कोन ठरविणारें तें एक मापच आहे. सुरीला धार लावतांना हा कोन हाताला राखावा लागतो. वस्तऱ्यांत तो कारागिरानें आधींच घालून ठेवलेला असतो.

हा कोन किती असतो? पात्याची रुंदी १६ मिलिमीटर व पाठीची जाडी ४.६ मिलिमीटर धरूं. पाठीच्या मध्यापासून धारेपर्यंत एक रेषा काढली तर त्रिकोणाचे दोन समान भाग होतात. प्रत्येक भागांत धारेजवळील कोनाची स्पर्शज्या २.३ भागिले १६, म्हणजे सुमारें ०.१४४ येते. कोष्टक पाहिल्यास तो कोन सुमारें ८ अंशांचा आहे असें दिसेल. अर्थात् धारेचा पूर्ण कोन सुमारें १६ अंशांचा झाला.

या गणितांत गाल सपाट आहेत कीं खोलगट, हा प्रश्न कोठेंच आला नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. गाल कितीहि आंत वळविले तरी दगडाला टेकणाऱ्या दोन जागा त्याच राहतात. म्हणून रुंदी व पाठीची जाडी सारखी असेल तर पाचरी वस्तऱ्याच्या आणि पूर्ण खोल वस्तऱ्याच्या धारेचा कोन एकच असतो. पातळपणा डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्यालाच तीक्ष्णता समजतों. वस्तुतः तीक्ष्णता गालांच्या पातळपणांत नसते. ती दोन सपाट पृष्ठें जेथें मिळतात त्या रेषेंत असते.

पुष्कळ वर्षें घासून पात्याची रुंदी कमी झाली म्हणजे कोन वाढत असेल, अशी शंका एखादा चाणाक्ष विद्यार्थी घेईल. शंका योग्य आहे. परंतु निसण्यावर धारेबरोबर पाठहि झिजत असते, त्यामुळें कोन बहुतांशीं पूर्वीच्या जवळच राहतो. पाठीवरील नक्षी झिजूं नये म्हणून जो मनुष्य पाठ उचलून धरतो, तो नक्षी वांचवितो आणि धार बिघडवितो.

चाक आणि शर

मग गाल खोलगट करावयाचे तरी कशाला? याचें उत्तर देण्यापूर्वीं ते खोलगट कसे होतात तें पाहूं. पात्याचा गाल फिरत्या चाकाच्या कडेवर धरला म्हणजे चाकाची गोलाई गालांत उतरते. चाक मोठें असेल तर त्याच्या कडेचा लहान भाग जवळ जवळ सपाट असतो, म्हणून खोली थोडी येते; चाक लहान असेल तर ती अधिक येते.

भास्कराचार्यांच्या लीलावतींत वर्तुळाची जीवा, व्यास व शर यांच्या संबंधाचें गणित आहे. धनुष्याची दोरी ती जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचें अंतर तो शर. आपल्या पात्यावर चाकाची जी जीवा उमटते ती १४ मिलिमीटर धरूं, आणि चाकाचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या २५ मिलिमीटर घेऊं. जीवेचा अर्धा भाग ७. आतां ७, २४ व २५ या बाजूंचा काटकोन त्रिकोण तुमच्या ओळखीचा आहेच. म्हणून मध्यबिंदूपासून जीवेचें अंतर २४ आणि शर २५ वजा २४, म्हणजे बरोबर १ मिलिमीटर! पाचरी घाटाच्या पात्याची मध्यावरील जाडी सुमारें २.३ मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंनीं एकेक मिलिमीटर गेला म्हणजे उरते अवघी ०.३ मिलिमीटर.

चाकाचा व्यास १०० मिलिमीटर घेतला तर शर सुमारें अर्धा मिलिमीटर येतो आणि मध्यावर सुमारें १.३ मिलिमीटर जाडी उरते. व्यास ४०० मिलिमीटर घेतला तर शर एक-अष्टमांश मिलिमीटरहि भरत नाहीं आणि जाडी २ मिलिमीटरहून अधिक राहते. हें गणित प्रत्येकानें वहींत करून पाहावें. एकाच पात्याचे पाचरी, अर्धा खोल व पूर्ण खोल हे घाट मुख्यत्वें चाकाच्या व्यासांतूनच जन्मास येतात, हें मग आपोआप पटेल.

आतां उपयोगाकडे वळूं. पाचरी पात्याचा सबंध गाल दगडावर टेकतो; म्हणून धार लावतांना पुष्कळ पोलाद झिजवावें लागतें, आणि गाल कोठें उंच, कोठें खोल असला तर दगड धारेपर्यंत पोंचतच नाहीं. खोलगट पात्याची पाठ व धारेलगतची एक अरुंद पट्टी एवढेंच दगडाला लागतें. त्यामुळें धार लवकर चढते. हा खोलगट घाटाचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ होय. दुसरा लाभ असा कीं पातळ पातें गालावरून फिरतांना केसांचा प्रतिकार बारीक आवाजाच्या रूपानें हाताला व कानाला कळवितें. उलट, दाट व राठ दाढीवर तेंच पातें थरथरतें आणि नवशिक्याच्या हातून जखम होण्याचा संभव असतो. अशा ठिकाणीं जड पातें शांतपणें चालतें. यास्तव एक घाट चांगला आणि दुसरा वाईट असें म्हणतां येत नाहीं. केस, कातडी आणि हात पाहून निवड करावयाची असते.

हस्तनिर्मित वस्तऱ्याची परीक्षा

यंत्रानें काढलेलीं हजार पातीं एकसारखीं असतात. हातानें घासलेल्या वस्तऱ्याचें तसें नाहीं. चाकावर पातें धरणाऱ्याचा डोळा, बोटांचा दाब आणि त्या दिवशींची त्याची तब्येत, या साऱ्यांची खूण पात्यावर राहते. एक गाल किंचित् अधिक खोल, पाठ टोकाकडे थोडी पातळ, धार कोठें लवलेली, असे भेद एकाच कारागिराच्या दोन वस्तऱ्यांतहि सांपडतात.

हे भेद ओळखण्याची एक सोपी रीत आहे. निसण्यावर लावल्यानंतर धारेलगत जी चकचकीत अरुंद पट्टी दिसते, ती भिंगाखालीं पाहावी. पट्टीची रुंदी मुळापासून टोकापर्यंत सारखी असेल तर पातें सरळ घासलेलें आहे असें समजावें. ती मध्यें रुंद व टोकांना अरुंद असेल, किंवा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला दिसेनाशी होत असेल, तर पात्याला कोठें तरी पीळ किंवा बांक आहे. धार किंचित् बाहेर फुगलेली असणें हा दोष नव्हे. जुन्या शेफील्डच्या वस्तऱ्यांत ती पुष्कळदां तशी आढळते. मात्र धार मध्यें आंत गेली असेल तर ती चुकीच्या हातांनीं झिजविली आहे हें निश्चित. तात्पर्य, पट्टी हें पात्याचें प्रगतिपुस्तक होय.

पोलाद व मुंबईचा एक संबंध

घाट कितीहि सुरेख असला तरी पोलाद हलकें असेल तर धार टिकत नाहीं. वस्तऱ्याच्या पोलादांत कार्बनाचें प्रमाण सुमारें शेंकडा एक असतें. तें लालबुंद तापवून एकदम थंड केलें म्हणजे अतिशय कठीण, परंतु कांचेसारखें ठिसूळ होतें. नंतर त्याला पुन्हां सौम्य आंच दाखवितात. पृष्ठभागावर पेंढ्यासारखा पिवळा रंग आला कीं थांबतात. या सर्व क्रियेला आपल्या भाषेंत पाणी देणें असें म्हणतात. चाकावर घासतांना पातें फार तापलें व निळें पडलें, तर दिलेलें पाणी उतरतें आणि पातें मऊ पडतें. पूर्ण खोल घाटांत पोलाद इतकें पातळ असतें कीं क्षणाचा हलगर्जीपणाहि पुरतो.

शेफील्डची कीर्ति मुशींतील पोलादावर उभारली. बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ मातीच्या मुशींत पोलाद पूर्णपणें वितळविण्याची रीत बसविली, आणि त्यामुळें आंतून एकजिनसी पोलाद मिळूं लागलें. परंतु मुशींत पोलाद करण्याची विद्या दक्षिण हिंदुस्थानांत त्यापूर्वीं कित्येक शतकें चालत होती. तें पोलाद युरोपांत वूट्झ या नांवानें ओळखलें जाई. हें नांव कानडी उक्कु या शब्दावरून आलें असें मानतात. मुंबईस असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे, सर जोसेफ बँक्स यांजकडे, पाठविले, आणि १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यांवर केलेले प्रयोग सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेचीं हत्यारें व वस्तरे करणारा नामांकित कारागीर होता. त्यानें या हिंदी पोलादाचे वस्तरे करून विकले. पुढें याच स्टोडार्टनें तरुण मायकेल फॅरडे यांच्याशीं मिळून पोलादांत निरनिराळे धातु मिसळण्याचे प्रयोग केले. ते १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध झाले. विजेच्या शोधांमुळें अमर झालेल्या त्या शास्त्रज्ञाचें नांव अशा रीतीनें वस्तऱ्याशींहि जोडलें गेलें आहे. पोलादाच्या ५०० भागांत १ भाग चांदी मिसळल्यास तें चांगलें होतें, असें त्यांना आढळलें. त्यानंतर शेफील्डच्या कित्येक वस्तऱ्यांवर ‘रौप्य पोलाद’ अशा अर्थाचीं अक्षरें कोरण्याची चाल पडली. अक्षरें कोरल्यानें धार वाढते असें मात्र कोणीं समजूं नये.

चाकापुढील मनुष्य

आतांपर्यंत आपण चाकाचा व्यास मोजला, शर मोजला आणि कोन काढला. त्या चाकापुढें बसणाऱ्या मनुष्याकडे मात्र अजून पाहिलें नाहीं.

शेफील्ड गांवीं अनेक लहान नद्या मिळतात. त्यांचें पाणी अडवून पाणचक्क्या फिरवीत आणि त्यांवर वालुकाश्माचीं चाकें चालवीत. पुढें वाफेचीं यंत्रें आलीं. घासणारा कारागीर लांकडी घोडीवर दोन्ही बाजूंस पाय सोडून बसे आणि चाकावर ओणवा होऊन पातें धरी. तोंड चाकापासून थोड्याच अंतरावर. कांहीं काम ओल्या चाकावर होई. त्यांत धूळ पाण्यांत बसून जाई. कांहीं काम मात्र कोरड्या चाकावरच करावें लागे. तेव्हां दगडाची व पोलादाची बारीक धूळ श्वासावाटे थेट छातींत जाई. नवीन चाक बसवून त्याची गोलाई नीट करतांना तर अंधारून येण्याइतकी धूळ उडे.

या धुळीचें फळ काय झालें, हें शेफील्डचे डॉक्टर नाइट यांनीं सांगितलें आहे. त्यांची माहिती फ्रीड्रिख एंगल्स यांनीं इंग्लंडमधील कामकरी वर्गाविषयींच्या आपल्या १८४५ सालच्या ग्रंथांत दिली आहे. त्या वेळीं शेफील्डांत सुमारें २,५०० घासणारे होते. जेवणाचे कांटे घासणाऱ्यांचें सारें काम कोरडें. ते २८ ते ३२ वर्षांच्या वयांत मरत. त्यांची संख्या सुमारें १५०, आणि त्यांपैकीं ७० मुलगे होते. वस्तरे घासणारे ओलें व कोरडें दोन्ही काम करीत. ते ४० ते ४५ व्या वर्षीं मरत. टेबलावरील सुऱ्या घासणाऱ्यांचें काम ओलें. ते ४० ते ५० व्या वर्षांपर्यंत जगत. दारूबाज कारागीर त्यांतल्या त्यांत अधिक जगतात, कारण ते कामावर पुष्कळदां गैरहजर असतात, असेंहि त्या डॉक्टरांनीं नमूद केलें होतें. जेथें व्यसन हें उद्योगापेक्षां आरोग्याला कमी घातक ठरतें, तेथील उद्योगाची काय अवस्था असेल!

उपाय सुचले नव्हते असें नाहीं. शेफील्डांतील जे. एच. अब्राहम या शाळामास्तरांनीं १८२१ च्या सुमारास लोहचुंबकाच्या साहाय्यानें हवेंतील पोलादाचे कण धरण्याचें एक साधन तयार केलें. कल्पना उदात्त होती; परंतु पोलादाचा कण चुंबकाला चिकटतो, दगडाची धूळ चुंबकाला जुमानीत नाहीं. आणि आज आपणांस ठाऊक आहे कीं खरी घातक वस्तु ती दगडांतील सिलिकाचीच धूळ होय. तिच्यामुळें होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. चाकाला झांकण घालून वाऱ्याच्या झोतानें धूळ बाहेर नेण्याची युक्तिहि निघाली. पण कित्येक कारागिरांनींच ती नाकारली व कोठें कोठें मोडून टाकली. धंदा निर्धोक झाला तर अधिक लोक त्यांत शिरतील आणि मजुरी उतरेल, अशी त्यांना धास्ती वाटे. पोटाची भीति मरणाच्या भीतीहून मोठी ठरली. त्यांना मूर्ख म्हणणें सोपें आहे. परंतु उद्यांच्या भाकरीची काळजी ज्यानें कधीं केली नाहीं, त्यानें असा निवाडा देऊं नये.

पुढें कायद्यानें पंखे सक्तीचे झाले. अमेरिकेंत एडवर्ड अॅचिसन यांना १८९३ सालीं कार्बोरंडमचें पेटंट मिळालें, आणि अशा कृत्रिम पदार्थांचीं चाकें वालुकाश्माची जागा घेऊं लागलीं. शेफील्डांतील पोर्टर ओढ्यावरचें शेफर्ड व्हील आणि सोलिंगेनजवळ वुपर नदीकांठचा बाल्कहाउझर कोटन या जुन्या घासणीच्या जागा आतां संग्रहालयें म्हणून राखल्या आहेत. परंतु रोग संग्रहालयांत गेलेला नाहीं. गुजराथेंत खंबायत येथील अकीक घासणारे आणि मध्य प्रदेशांत मंदसोर येथील पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार याच रोगाला बळी पडल्याचें वैद्यकीय तपासणींत आढळून आलें आहे. ज्या पेन्सिलीनें आपण पहिलीं अक्षरें गिरविलीं, तिची धूळ कोणाच्या छातींत गेली, हा विचार आपल्या मनाला शिवलाहि नव्हता.

धार म्हणजे काय?

घाट चाकावर होतो. धार मात्र चाकावर होत नाहीं. चाकावरून आलेलें पातें केस कापूं शकत नाहीं. त्यानंतर निसण्यावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या इतक्या सपाट व गुळगुळीत कराव्या लागतात कीं त्यांची मिलनरेषा जवळ जवळ रुंदीरहित व्हावी. भूमितींत रेषेला रुंदी नसते. पोलादाच्या रेषेला ती असतेच. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची गोलाई मायक्रॉनच्या अंशांत मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी सुमारें ५० ते १०० मायक्रॉन असते, यावरून प्रमाण ध्यानांत येईल.

निसण्यांतहि प्रकार आहेत. आरंभीं जरा भरड दगड, मग बारीक, शेवटीं अतिबारीक असा क्रम असतो. बेल्जममधील आर्डेन प्रदेशांतला पिवळसर दगड वस्तऱ्यासाठीं फार नांवाजलेला आहे. त्यांतील गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म कण पोलाद घासतात. निसण्यानंतर चामोटी. दगडावर धार पुढें ठेवून पातें नेतात. चामड्यावर मात्र पाठ पुढें ठेवून, नाहीं तर चामोटीच कापली जाते. चामोटी नवी धार करीत नाहीं. असलेली धार ती सरळ करते व उजळते.

येथें एक कोडें उभें राहतें. पोलादाच्या मानानें केस सुमारें पन्नास पट मऊ. मग मऊ केसानें कठीण पोलाद बोथट कां व्हावें? केवळ झिजेनें असें होत असेल, अशी समजूत होती. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं दाढीचे केस कापून पाहिले व २०२० सालीं आपला निष्कर्ष सायन्स या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यांना असें दिसलें कीं केस तिरपा वांकला असतां, आणि धारेवरील पोलादाची रचना त्या जागीं एकसारखी नसली व तेथें आधींच बारीक खांच असली, तर धारेचा सूक्ष्म कपचा उडतो. कपचे उडत जातात आणि धार जाते. जुने लोक दाढीला ऊन पाणी व साबण लावून केस मऊ करीत, दोन दाढींच्या मधें वस्तऱ्याला विसांवा देत आणि प्रत्येक वेळीं चामोटी वापरीत. त्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. परंतु बिघाड सूक्ष्म असतांनाच तो सुधारावा, एवढें शहाणपण अनुभवानें त्यांना आलें होतें.

उपसंहार

आरंभींच्या प्रश्नाकडे परत येऊं. जाड आणि पातळ या दोन वस्तऱ्यांपैकीं अधिक तीक्ष्ण कोणता? उत्तर असें कीं ज्याची धार काल कोणीं तरी काळजीपूर्वक लावली तो. पूर्ण खोल घाटाचा सुंदर वस्तरा पेटींत पडून गंजला असेल तर तो केसहि कापणार नाहीं; आणि साध्या पाचरी वस्तऱ्याची नित्य निगा राखली असेल तर तो न बोलतां आपलें काम करील. घाट कारागिरानें एकदांच दिलेला असतो, धार मात्र वापरणाऱ्यानें रोज राखावयाची असते. विद्यार्थिदशेंत बुद्धीचा घाट कोणाला जाड मिळतो, कोणाला पातळ; त्याबद्दल गर्व किंवा खेद करण्याचें कारण नाहीं. निसणा आणि चामोटी सर्वांना सारखीच मोकळी आहेत.

पालकांसहि एक विनंति आहे. घरांत जुना वस्तरा असेल तर तो मुलांच्या एकट्याच्या हातीं देऊं नये; आपण स्वतः शेजारीं बसून त्याची पाठ, गाल व पट्टी त्यांना भिंगांतून दाखवावी. त्यावर गांवाचें व कारखान्याचें नांव कोरलेलें बहुधा आढळेल. ज्यानें ओणवें बसून, धूळ गिळीत, तो गाल इतका सुबक वळविला, त्याचें नांव मात्र त्यावर कोठेंच सांपडणार नाहीं. नाद ऐकण्यासाठीं पात्याला टिचकी माराल, तेव्हां त्या अनामिकाचें क्षणभर स्मरण करावें. आणि आपण जी जी वस्तु स्वस्त व सुंदर म्हणून विकत घेतों, ती कोणाच्या श्वासाच्या मोलानें स्वस्त झाली, हें विचारण्याची संवय मुलांना लावावी.